खिडकी, पाटी आणि रंग: फोर्टातल्या जुन्या इमारतीला बाहेरून हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण मुंबईच्या फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यालगतच्या एका जुन्या दगडी इमारतीत एका कुटुंबाचं तीन पिढ्यांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर त्यांचंच ऑफिस. जागा पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली; मालक वेगळा. इमारत पालिकेच्या वारसा यादीत, श्रेणी दोन-अ. सागवानी खिडक्या पावसाळ्यात गळतात म्हणून त्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या आहेत. शिवाय दुकानाला नवी मोठी पाटी, दर्शनी भागाला रंग आणि दोन एसी. कंत्राटदार म्हणतो, "किरकोळ दुरुस्तीला कोण विचारतं?" शेजारचे म्हणतात, नोटीस येईल. आणि विचारणाऱ्यांचा सूर वैतागलेला आहे: दुकान आमचं, पैसे आमचे, मग बाहेरून रंग कोणता लावायचा हे कुठल्याशा समितीने का ठरवायचं?

वैताग समजतो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी पंचवीसेक वर्षं गेली, अर्जदाराच्या बाजूने हेरिटेज कमिटीसमोर अनेकदा बसलो आणि तिथून वैतागून बाहेरही पडलो. तरी आधी सरळ उत्तर देतो: हो, परवानगी लागते. रंगालासुद्धा. कंत्राटदाराचं ऐकू नका. नोटीस त्याच्या नावाने येत नाही.

रंगाची गोष्ट अनेकांना अतिशयोक्ती वाटते. पण १९९५ च्या एप्रिलमध्ये बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारशासंबंधीचा ६७ वा नियम आला, तेव्हापासूनच त्यात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. यादीतल्या इमारतीत भर घालणं, फेरफार, दुरुस्ती, गिलावा, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं, अगदी रंगकामही, यातलं काहीही आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. आता २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासाठीची नवी नियमावली लागू आहे आणि वारशाचा विनियम ५२ व्या क्रमांकावर गेलाय, पण गाभा तोच आहे. असा नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. त्याआधी कायद्याचं संरक्षण होतं ते किल्ले, लेणी, मंदिरं अशा 'स्मारकां'ना. ज्या इमारतीत लोक राहतात, दुकानं चालवतात, टायपिंग करतात, ती स्मारक नव्हे, त्यामुळे तिचा वाली कोणीच नव्हता. फोर्टातल्या कित्येक इमारतींचे लाकडी सज्जे आणि ओतीव लोखंडाचे कठडे याच काळात भंगारात गेले.

श्रेणीचं गणित समजून घ्या, कारण तुम्हाला किती मोकळीक आहे ते तिथे ठरतं. श्रेणी एक म्हणजे सीएसएमटीसारख्या वास्तू. तिथे मजबुतीसाठी अत्यावश्यक असेल तेवढंच करायचं. श्रेणी दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर छाननीनंतर मिळू शकतो, पण बाहेरचं रूप जपावं लागतं. दोन-ब मध्ये आवारात जुळेल अशी भर घालायला वाव असतो, दोन-अ मध्ये तेवढा नाही. श्रेणी तीनला बाहेरचे-आतले बदल साधारणपणे मिळतात, फक्त ते परिसराशी विसंगत नसावेत. म्हणजे तुमची इमारत मधल्या, त्यातही वरच्या पायरीवर आहे. आतली पार्टिशनं हलवायला फारसं कोणी अडवणार नाही. रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीकडे मात्र सगळ्यांचं लक्ष.

त्यात २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. एकूण ९४ इमारती आणि त्यांच्याभोवती मोठा संरक्षक पट्टा. फोर्टचा बराचसा भाग त्या पट्ट्यात येतो. युनेस्कोचा माणूस येऊन तुमची खिडकी तपासणार नाही. पण पालिकेच्या टेबलावर फाइल थोडी जास्त काळजीने वाचली जाते, हे नक्की.

आता समिती काय करते. मुंबईची वारसा समिती सल्ला देणारी आहे. अंतिम सही महापालिका आयुक्तांची. समितीची शिफारस आयुक्त अपवादात्मक परिस्थितीत डावलू शकतात, पण कारणं लेखी नोंदवून, आणि तो अधिकार खालच्या अधिकाऱ्याला देता येत नाही, अशी तरतूद मूळ नियमातच होती. म्हणून "वरून करून घेऊ" म्हणणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहा. समितीत वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनियर, नगररचना आणि इतिहास जाणणारी माणसं असतात. नवी खिडकी सुंदर आहे की नाही यावर ती फारसा वेळ घालवत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो: तिथून काय काढताय? बहुतेक अर्जांत याचंच उत्तर नसतं. अर्जाला नव्या खिडकीचं चकचकीत कॅटलॉग जोडलेलं असतं आणि जुन्या खिडकीचा रस्त्यापलीकडून मोबाइलवर काढलेला एक धूसर फोटो. मग फाइल परत येते, अर्जदार म्हणतो समिती आडमुठी आहे, आणि सहा महिने जातात.

तेव्हा आधी खिडकीकडेच बघू.

फोर्टातल्या त्या काळच्या खिडक्या बहुतेक बर्मा सागवानाच्या. वर कमानीत पंखा उघडल्यासारखी बसवलेली काच, खाली दोन पल्ले, कित्येकदा बाहेरून झिलमिलीचे आणि आतून काचेचे. झिलमिली म्हणजे तिरक्या पट्ट्या, ज्यातून वारा येतो आणि ऊन-पाऊस अडतो. हे लाकूड आज बाजारात त्या प्रतीचं मिळत नाही; जुन्या इमारती पाडणाऱ्यांच्या गोदामातच काय ते सापडतं. अशी खिडकी 'गेली' म्हणून मला दाखवतात, तेव्हा मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून टोचून बघतो. जवळजवळ नेहमी कुजलेली असते ती खालची आडवी पट्टी आणि चौकटीच्या पायाचा चार-सहा इंचांचा भाग. बाकीचं लाकूड ठणठणीत. तेवढा भाग तिरका कापून त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा सांधायचा, बिजागऱ्या बदलायच्या, तडकलेली पुट्टी काढून काचा नव्याने बसवायच्या. चांगल्या सुताराचं हे काम आहे. नव्या खिडकीएवढा खर्च येत नाही, आणि दुरुस्तीच्या अर्जाला समिती सहसा अडवत नाही, कारण तिथून काहीच जात नसतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीबद्दल माझं मत पक्कं आहे, आणि ते दिसण्यापुरतं नाही. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे हवा निम्मी. तिच्या खालच्या रुळात पावसाचं पाणी साठतं आणि वाऱ्याच्या झोताने आत येतं. कमानीचा वरचा अर्धगोल तिला जमत नाही, म्हणून कंत्राटदार तो प्लायवूडने बंद करतो आणि त्याच प्लायला भोक पाडून एसीची नळी घालतो. बाहेरून पाहिलं की दगडी कमान डोळे मिटल्यासारखी दिसते. रस्त्याच्या आवाजाचा त्रास असेल तर जुन्या खिडकीच्या आत, खोलीच्या बाजूने, काचेचं दुसरं पातळ पान बसवा. ते बाहेरून दिसत नाही, जुन्याला धक्का लागत नाही आणि उद्या काढता येतं. समितीला हे 'काढता येतं' फार आवडतं, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पण त्याआधी गळतीचा तपास. एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या चार खिडक्या बदलायला काढल्या होत्या. मालक आणि भाडेकरू एकदाच एकमताचे झालेले. जुलैच्या एका दुपारी मी समोरच्या फुटपाथवर छत्री घेऊन अर्धा तास उभा राहिलो. पाणी खिडकीतून येतच नव्हतं. वरच्या कंगोऱ्यामागची, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या आडव्या दगडी कडेमागची, पन्हाळ कबुतरांच्या घरट्यांनी तुंबली होती, पाणी कंगोऱ्यावरून मागे भिंतीत शिरत होतं आणि खिडकीच्या चौकटीवर उतरत होतं. पन्हाळ साफ केली, कंगोऱ्याच्या वरचा उतार नीट केला, चौकट आणि दगड यांच्यातली फट चुन्याच्या मसाल्याने भरली. नव्या खिडक्या बसवल्या असत्या तर त्याही गळल्या असत्या.

आता रंग. तुमची इमारत दगडी आहे म्हणता, तर पहिला प्रश्न: रंग कशाला? फोर्टात प्रामुख्याने तीन-चार प्रकारचे दगड दिसतात. काळसर-निळसर बेसाल्ट, पिवळसर मालाड दगड, कुर्ल्याचा दगड आणि नक्षीकामासाठी मऊ, फिकट पोरबंदरी चुनखडक. हे दगड रंगवण्यासाठी नव्हतेच. रंगसंगती त्यांच्यातच केलेली आहे, भिंत एका दगडाची आणि कमानीची कड दुसऱ्याची. त्यावर ऑइलपेंट मारला की दगडाला श्वास घेता येत नाही. 'श्वास' हा आमच्या धंद्यातला लाडका शब्द, पण त्याचा अर्थ साधा आहे: जाड दगडी भिंतीत पावसाळ्यात ओल जाते आणि उन्हाळ्यात ती पृष्ठभागातून बाहेर पडते. वाट बंद केली की ओल आतच राहते, क्षार रंगाखाली साठतात आणि पाच-सात वर्षांत दगडाचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. फ्लोरा फाउंटनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १८६४ चं ते कारंजं वर्षानुवर्षं रंगाचे थर चढून पांढरंफटक झालं होतं. दुरुस्तीत ते थर उतरवल्यावर खालची मूळ कोरीव दगडी कामगिरी दिसली, आणि २०१९ च्या जानेवारीत ते नव्याने खुलं झालं.

सिमेंटचीही हीच कथा, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. धंद्यात नवा असताना एका दगडी भिंतीच्या दर्जा, म्हणजे दोन दगडांमधले सांधे, सिमेंटने भरायला मी मान डोलावली. गवंडी म्हणाला, "साहेब, चुना टिकत नाही, सिमेंट पक्कं." दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी दर्जा जशाच्या तशा उभ्या आणि त्यांच्या कडेचे दगड झिजलेले, जसा दात किडतो तसे. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि जलरोधक. त्यामुळे ओल आपली वाट दर्जेतून काढायची ती दगडातून काढायला लागली. चुन्याची दर्जा मऊ असते, ती झिजते, आणि झिजावी म्हणूनच ती तिथे असते. वीस-तीस वर्षांनी पुन्हा भरायची. तो सगळा सिमेंटचा भाग छिन्नीने हलक्या हाताने काढायला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागला, आणि तो खर्च कोणाच्या खात्यावर पडला हे विचारू नका.

दगड काळवंडला असेल तर तो धुवा, पण वाळूचा मारा करून नव्हे. त्याने घाण जाते तसा दगडाचा वरचा टणक थर आणि नक्षीची धारही जाते. कमी दाबाचं पाणी, मऊ ब्रश, गरजेपुरता सौम्य साबण आणि जिथे तेलकट डाग असतील तिथे डाग शोषून घेणारा लेप. आधी एक बाय एक फुटाचा नमुना आडबाजूला करून बघायचा, त्याचा फोटो अर्जाला जोडायचा. तुमच्या इमारतीत गिलाव्याचे भाग असतील, मागची बाजू किंवा वरचा वाढवलेला मजला, तर तिथे रंग चालेल. मात्र प्लास्टिक रंगाऐवजी चुन्याचा किंवा बाष्प जाऊ देणारा खनिज रंग मागा. कोणता रंग होता हे कळायला कोपऱ्यातला एखादा पोपडा ब्लेडने हळूच खरवडला की थर मोजता येतात. मी एकदा अकरा मोजले होते, सगळ्यात खाली गेरूसारखा लालसर. मालकाला वाटत होतं इमारत पहिल्यापासून क्रीम रंगाची.

पाटीबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण दुकानदारांची खरी चिडचिड तिथे असते आणि चिडण्यात अर्थही असतो. गिऱ्हाइकाला दुकान दिसलं पाहिजे.

दादाभाई नौरोजी रस्ता म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडल्यावर शहर पश्चिमेकडे मोकळं झालं आणि या रस्त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येकीची शैली वेगळी, पण तळमजल्याला सलग कमानी आणि आत पादचाऱ्यांसाठी आच्छादलेली वाट, ही अट सगळ्यांना समान. म्हणून आज भर पावसात तिथून बऱ्यापैकी कोरडं चालता येतं. नव्वदच्या दशकात हे सगळं पाट्यांखाली गेलं होतं. कमानींवर आडवे बॅकलिट बोर्ड, खांबांना टाइल, एकावर एक. मग पाट्यांचे नियम आखले गेले, संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने दुकानदारांशी बोलून काम झालं आणि त्याला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. तत्त्व साधं होतं: पाटी कमानीच्या आत बसवा, कमानीवर नको. कमान ही चौकट, पाटी हे चित्र. पाटीची उंची कमानीच्या माथ्याच्या खाली राहते, खांब मोकळे राहतात आणि गंमत म्हणजे पाटी जास्त वाचली जाते, कारण आजूबाजूचा गोंधळ गेलेला असतो. सुरुवातीला खूप कुरकुर झाली. शेजारच्याने काढली की मी काढतो, असं प्रत्येकाचं म्हणणं. त्यामुळे एकट्यादुकट्याला नोटीस देऊन हे काम होत नाही, अख्ख्या रांगेला एकदम समजावावं लागतं, हा त्यातला धडा होता.

तुमच्या पाटीत आणखी एक मुद्दा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. त्या धावपळीत फोर्टात अनेकांनी जुन्या इंग्रजी पाटीखाली तेवढीच दुसरी मराठी पाटी ठोकली. झालं, कमान पुन्हा गायब. नियम असं म्हणतो की मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. पाटी मोठी असावी असं नियम कुठेही म्हणत नाही. तेव्हा इंग्रजी अक्षरं लहान करा. एकाच पाटीवर वर मराठी, खाली तेवढंच किंवा छोटं इंग्रजी. सुटी धातूची अक्षरं लावलीत तर मागचा दगडही दिसतो, पण मग खिळे दगडात न मारता दोन दगडांमधल्या दर्जेत मारा. उद्या पाटी काढली तर दर्जा भरता येते, दगडातलं भोक भरता येत नाही. देवनागरी अक्षरांचं शिरोरेषेमुळे कमानीखाली फार सुंदर जमतं, हे माझं खासगी मत. एखाद्या चांगल्या अक्षरकाराकडून लिहून घ्या, फॉन्टवर भागवू नका.

एसीचं थोडक्यात. बाहेरचा युनिट दर्शनी भिंतीवर मिळणार नाही. मागच्या गल्लीत, नळ-पाइपांसाठी सोडलेल्या आतल्या चौकात किंवा गच्चीवर न्या. तांब्याची नळी लांबते, खर्च थोडा वाढतो. मालकाची गच्चीसाठी परवानगी लेखी घ्या.

आणि मालकावरून आठवलं, तुमची खरी अडचण बहुधा समिती नसून मालकच आहे. तुम्ही पागडीवाले. दर्शनी भिंत तुमची नाही. अर्जावर मालकाची संमती लागते, आणि तुम्ही भरता ते भाडं बघता मालकाला त्या भिंतीत रस का असावा? १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, १९९९ चा नवा कायदाही जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत फार हलला नाही. दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आला, पण तो इमारत उभी राहावी म्हणून. कोरीव कंगोरा जपायला नव्हे. या कोंडीत दर्शनी भाग कसे मरतात याचं सगळ्यात दुःखद उदाहरण काळा घोड्याजवळ उभं आहे: एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणून इथे जोडला. १८९६ च्या जुलैमध्ये भारतातला पहिला चलच्चित्रांचा खेळ तिथेच झाला. यादीत श्रेणी दोन-अ, तुमचीच. श्रेणी होती, नियम होते, तरी २००५ मध्ये त्याचे सज्जे कोसळून एकाचा जीव गेला आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. कोणी काही बेकायदा पाडलं नव्हतं. कोणी काही केलंच नव्हतं. परवानगीची व्यवस्था तुम्हाला चुकीचं काम करण्यापासून रोखू शकते, कोणाला योग्य काम करायला लावू शकत नाही. यासाठी मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआरची (न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची) सोय आहे, पण ती वारसा नियमामुळे बांधकामाचा हक्क गमावलेल्या मालकासाठी. खिडकी दुरुस्त करणाऱ्या भाडेकरूला त्यातून एक रुपया मिळत नाही. दुरुस्तीसाठी करात सवलत किंवा छोटं अनुदान हवं, हे मी कित्येक बैठकांत बोललोय. माना डोलतात, चहा येतो.

"आमची मालमत्ता, तुमचा काय संबंध" या प्रश्नावर जगभर डोकेफोड झालेली आहे. अमेरिकेत चार्ल्सटन या शहराने १९३१ मध्येच जुन्या वस्तीसाठी अशी छाननी सुरू केली, आणि तिथे एक शहाणपणाची मर्यादा घातली: रस्त्यावरून दिसेल तेवढंच मंडळ बघणार. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधायची परवानगी नाकारली तेव्हा प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. आपल्या जवळचं उदाहरण पणजीतलं फोंताइन्यास घ्या. तिथे पावसाळा संपला की घरं नव्याने रंगतात, निळी, पिवळी, गेरूची, आणि संपूर्ण पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. ही रीत कोणत्याही समितीहून जुनी आहे. मला वाटतं, फोर्टातही आधी अशीच समजूत होती. कमानीची वाट सगळ्यांनी मोकळी सोडायची, ही अट लोकांनी पाळली कारण पावसात त्यांचीच गिऱ्हाइकं त्याखालून येत होती.

आता कामाचं. अर्ज करताना संवर्धनाचं काम केलेला वास्तुविशारद घ्या. साध्या फेरफारासाठी त्याची फी फार नसते. फाइलमध्ये समोरून सरळ घेतलेला अख्ख्या दर्शनी भागाचा फोटो हवा, मग प्रत्येक खिडकीचा क्रमांक टाकून स्वतंत्र फोटो, आतून आणि बाहेरून. एक रेखाचित्र आहे त्या स्थितीचं, एक प्रस्तावित, एकाच प्रमाणात, म्हणजे शेजारी ठेवून फरक दिसतो. खिडकीचा आडवा छेद मोठ्या प्रमाणात काढा. लाकडाच्या गलथ्यांची, म्हणजे कडेच्या घडीव पट्ट्यांची, जाडी त्यात कळते आणि तुम्ही ती खरंच पाहिली आहे हे समितीला कळतं. "मूळ पद्धतीने दुरुस्ती करण्यात येईल" असलं वाक्य लिहू नका, ते प्रत्येक अर्जात असतं आणि कोणी वाचत नाही. त्याऐवजी लिहा: खिडकी क्रमांक ४, खालची आडवी पट्टी कुजलेली, जुन्या सागवानात बदलणार, बाकी पल्ले तेच ठेवणार. पाटीचं रेखाचित्र कमानीसकट द्या. जुना फोटो कुठे मिळाला, दुकानाच्या जुन्या बिलावर छापलेला असला तरी, तो जोडा. एका दुकानाचं काम एकदा निव्वळ आजोबांच्या लग्नाच्या वरातीच्या फोटोने सुटलं होतं; मागे मूळ कठडा स्वच्छ दिसत होता.

खिडक्या, पाटी आणि दगडाची स्वच्छता वेगवेगळी मागू नका, एकत्र मागा. समितीला पूर्ण चित्र दिसलं की एखाद्या गोष्टीत सूट मिळते. कोणत्या कामाला समितीपुढे जावं लागतं आणि काय पालिकेच्या पातळीवर सुटतं, हे फाइल टाकण्याआधी हेरिटेज विभागात जाऊन प्रत्यक्ष विचारा. आणि कुठे दगड सुटलेला असेल, सज्जा हलत असेल, तर परवानगीची वाट पाहत बसू नका: इंजिनियर बोलवा, टेकू द्या, खाली जाळी बांधा, फोटो काढा आणि त्याच दिवशी पालिकेला लेखी कळवा. सुटलेले कोरीव दगड मात्र डेब्रिजच्या गाडीत जाऊ देऊ नका. क्रमांक टाकून आतल्या खोलीत ठेवा, ते परत बसतात.

वेळेचं गणितही पावसावर बसवा. चुन्याचं काम ओलीत होत नाही, ते ऑक्टोबर ते मे या काळातलं. बहुतेक लोक मे महिन्यात, पहिल्या ढगांच्या भीतीने, अर्ज घेऊन धावत येतात. तुम्ही ऑगस्टमध्ये द्या. आणि अर्जाआधी या पावसाळ्यात एक काम करा: गळती सुरू झाली की पाणी भिंतीवर पहिल्यांदा जिथे दिसतं तिथे खडूने खूण करा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, पावसाचा जोर किती होता तेही, आणि बाहेर फुटपाथवर जाऊन त्याच वेळी वरची पन्हाळ वाहतेय का ते बघून या.